नावाची जागा

धर्मराजला पुण्यात सगळे राज म्हणायचे. आईबाप काय करतात असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "शेती." आता दोन एकर माळाला शेती म्हणायचं तर म्हणा बापडे! पण त्रिंबक आणि वत्सलाबाई दरसाल दिवाळी उरकून कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आसपासच परततात, हे त्यानं तिथं एका माणसाला सांगितलं असेल तर शपथ.

काम त्याचं गेमला संगीत देण्याचं. गेम म्हणजे मोबाइलवर खेळतात तो. त्याच्या कंपनीनं 'बारव' नावाचा एक गेम काढला होता. एक तहानलेला वाटसरू पडक्या बारवेत उतरतो, पायरीपायरीला काहीतरी अंगावर येतं, आणि सातव्या पायरीवर मगर. झालं असं, की सातव्या पायरीवर पोचलेली माणसं खेळायचंच थांबवायला लागली. तिथं खालून एका बाईचा आवाज यायचा, मागं उसाच्या वाळल्या पाचटाची सळसळ:

बारवाचं पानी सात पायऱ्या खोल गेलं,
माझ्या ... नाव घागरीत वर आलं.

'माझ्या'नंतर आवाज तुटायचा. नुसता वारा. नाव वर आल्याचं कळायचं, पण कुणाचं ते नाही. मगर येऊन गिळून जायची तरी खेळणारा जागचा हलायचा नाही. "वीसदा मेलो, पण शेवटपर्यंत ऐकलं," असं लोक फुशारकीनं लिहायचे. कुणाला ती विरहिणी वाटायची, कुणाला भूत. मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीनं विचारलं, हा आवाज कुणाचा? राजसाहेब म्हणाले, "एक अनोळखी ऊसतोड कामगार बाई. फडावर रेकॉर्ड केली."

अनोळखी! नऊ महिने जिच्या पोटात राहिला ती अनोळखी! दोन वर्षांमागं तो आईबापाला भेटायला फडावर गेला होता. मोळ्या बांधता बांधता वत्सलाबाई गात होती आणि ह्यानं गुपचूप मोबाइल धरला. तिला वाटलं पोरगा फोटो काढतोय, म्हणून तिनं पदर तेवढा सारखा केला. गाण्यात 'माझ्या धर्मराजाचं' असं स्वच्छ होतं. ऑफिसात ते ऐकलं असतं तर दहा माना त्याच्याकडं वळल्या असत्या. त्यानं ते नाव कापलं आणि तेवढ्या जागेत पाचटाचा आवाज भरला. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांचा सल मात्र तेव्हापासून पोटात होता, आणि लोक जितकं वाखाणत तितका तो जास्तच टोचायचा.

वैशाखात बहिणीचं, रोहिणीचं, लग्न निघालं. धर्मापुरीजवळच्या त्यांच्या वस्तीवर मांडव पडला. हळद दळायच्या दिवशी सकाळी वत्सलाबाईनं पोराला हाक मारली, "धर्मा, तुझं ते गानं धरायचं यंत्र आन की. रोहिणीच्या हळदीची गानी ऱ्हातील." पुरुषांचं खरं तर तिथं काही काम नसतं. हा आयुष्यात पहिल्यांदाच हळदीच्या जात्यापाशी बसला, कानाला हेडफोन आणि हातात माईक घेऊन. बायांना हसायला निमित्तच झालं.

"काय बाई, डाक्टरच आला तपासायला!"

जात्याच्या खुंट्याला आंब्याची पानं बांधली होती. दळता दळता ओवीत घरच्यांची नावं घ्यायचा पहिला मान थोरल्या चुलतीचा, साखराबाईचा. तिनं देवाचं नाव घेतलं, नवरीचं घेतलं, दिरांची, पुतण्यांची घेतली, आपल्या थोरल्या लेकाचं घेतलं. आणि मग एकदम गप्प झाली. जातं मात्र थांबलं नाही. एक अख्खा फेरा दगडाची घरघर तेवढी ऐकू आली, कुणी ब्र काढला नाही. फेरा पुरा झाला तशी ती पुढच्या नावाला लागली.

धर्मराजनं शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "चुलती मधीच थांबली कावून?"

"सटवाची जागा हाय ती," ती कुजबुजली. "गेलेल्याचं नाव जात्यावर घेत न्हाईत आमच्यात. जागा सोडायची. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

कुठून माहीत असणार? लहानपण वसतिगृहात गेलेलं, आणि जात्यापाशी पुरुष बसतात कुठं? सटवा म्हणजे साखराबाईचा धाकटा, अकरा वर्षांमागं फडावरून परत आला नाही तो. इतके दिवस जगभरच्या लोकांना त्यानं आपल्या आईच्या तोंडून काय ऐकवलं होतं, ते त्याला आत्ता कळलं.

आता हे इथंच मिटलं असतं तर बरं. पण अंबाजोगाईहून आलेली मावसबहीण उज्ज्वला होती ना! कॉलेजातली पोर, मनानं निर्मळ, पण तोंडाला कुलूप नाही. जातं विसाव्याला थांबलं तशी ती मोबाइल घेऊन उठली.

"मावशे, तुला एक गंमत दाखवू? दादाच्या गेममधे तू हायस! म्या गळा वळखला! सगळं जग ऐकतंय तुला!"

"उज्ज्वला, ऱ्हाऊ दे ते," धर्मराज म्हणाला.

"का ऱ्हाऊ दे? लाजू नको एवढा." आणि तिनं आवाज मोठा केला.

पाचट सळसळलं. बायांनी माना पुढं केल्या. वत्सलाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! माझाच गळा हाय की गं! ह्या डबड्यात कवा गेले मी?" तिचा चेहरा असा फुलला की धर्मराजला वाटलं, धरणीनं आत्ताच पोटात घ्यावं.

बारवाचं पानी सात पायऱ्या खोल गेलं, माझ्या...

वारा. मग उरलेली ओळ.

"इथंच सगळे थांबत्यात मावशे!" उज्ज्वला सांगत होती. "लई भारी केलंय दादानं."

साखराबाईचा हात खुंट्यावरून खाली आला होता. "वत्सला," ती म्हणाली, "कुनाची जागा सोडलीस गं ही?"

वत्सलाबाईचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. तिनं लेकाकडं पाहिलं. त्याची जीभ खोटं बोलायला सुटलीच. "तेवढं खराब झालं होतं, आई. वाऱ्यानं."

तिनं त्याच्याकडं बघून घेतलं. लहानपणी गुळाच्या खड्याला हात लागला की नाही हे ती अशीच बघून ओळखायची. मग बायांकडं वळून म्हणाली, "व्हय, वाऱ्यानंच. फडात लई वारं असतंय. यंत्राला काय कळतंय? चला, आवरा, हळद ऱ्हायलीय."

तिनं त्याला झाकून घेतलं. चारचौघींत शिव्या घातल्या असत्या, एक मुस्कटात दिली असती, तरी चाललं असतं. ते झाकणं त्याला सहन होईना.

आता मान नवरीच्या आईचा. वत्सलाबाई जात्याला बसली आणि गायला लागली. गळा तोच. देव झाले, रोहिणी झाली, भाऊ झाले, भाचे झाले. मग ती त्या ओळीला आली.

बारवाचं पानी सात पायऱ्या खोल गेलं,
माझ्या...

आणि थांबली. ह्या खेपेला जातंही थांबलं. वत्सलाबाई लेकाकडं न बघता, अगदी हळू, पाहुण्याशी बोलावं तशी म्हणाली, "घिऊ का नाव तुमचं? का सोडू जागा?"

तुमचं! ह्या बाईनं जन्मात त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली.

"मान हलवल्याली त्या यंत्रात येत न्हाई," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."

माईक चालूच होता. धर्मराजनं हेडफोन काढून ठेवला. "वारा नव्हता, आई," तो म्हणाला. "म्याच काढलं नाव. तिथं कुनाला कळू नये म्हनून. मुलाखतीत तुला अनोळखी बाई म्हनलो. लाज वाटली मला. तुमची, कोयत्याची. आन आता..." उज्ज्वला मोबाइल पदराआड लपवत होती, जणू चोरी तिनंच केली होती.

वत्सलाबाईची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. डोळे पुसायला गेली तर हळद गालाला लागली.

"लाज वाटली व्हय," ती म्हणाली. "वाटली आसंल. पर साखराबाईनं इचारलं तवा काळीज फाटलं रे माझं. वाटलं, लेकरू जित्तं आसून म्याच त्याची जागा सोडली का काय."

"आई..."

"जित्ता हाईस ना? मग लाव हात खुंट्याला."

पुरुषानं हळदीच्या जात्याला हात लावायची रीत नव्हती, पण साखराबाईच सरकून जागा करून देत होती. तो समोर बसला. आईच्या हाताखाली त्यानं खुंटा धरला. कोयत्यानं पडलेले घट्टे त्याच्या मऊ बोटांना लागले आणि त्याला मान वर करवेना. दगड फिरला.

बारवाचं पानी सात पायऱ्या खोल गेलं,
माझ्या धर्मराजाचं नाव घागरीत वर आलं.

नाव आलं आणि तो दचकला. दोन वर्षांत त्याच्या कानांना त्या जागी काहीच ऐकू न यायची सवय झाली होती.