दाराबाहेर काढलेला नवरा

ट्रेनिंगला दवाखान्यातलं कुणी खुशीनं गेलं नव्हतं. राजधानीतून कुणी सिहेमबाई येणार, दोन दिवस डोकं खाणार आणि वाळवंट तुडवून आलेल्या परक्या मुलखातल्या बायकांशी कसं वागायचं ते शिकवणार. "त्यात शिकवायचंय काय डोंबल?" म्हणत नर्स राद्या खजूर भरलेल्या मकरूदच्या मिठाईच्या ताटाशेजारची खुर्ची धरून बसली.

दलेंदा सुईण मात्र पहिल्या रांगेत. निम्मं आयुष्य या गावातल्या बायकांची बाळंतपणं करण्यात गेलेलं. पण हल्ली ऑलिव्हच्या बागांमध्ये गिनीकडची, माली‌कडची माणसं येऊन राहिली होती. त्यांच्या बायका तपासायला यायच्या, टेबलावर मुकाट पडायच्या आणि त्यांच्या वतीनं नवराच काय ते बोलायचा. घरी गेल्यावर दलेंदाला चैन पडत नसे. आपलं कुठंतरी चुकतंय, असं वाटायचं. तिला खरंच शिकायचं होतं.

सिहेमबाईंनी नेमकं तेच धरलं. "नवऱ्याला दुभाषा करू नका. तो मारत असेल, वाटेत तिच्यावर काही गुदरलं असेल, त्याच्यासमोर ती सांगेल का? त्याला बाहेर काढा, दार लावा, दुभाष्याच्या नंबरावर फोन लावा."

मग नाटक बसवलं. राद्याच्या पोटाला उशी बांधून तिला गरोदर केली आणि फाटकावरचा म्हातारा लझहरकाका तिचा नवरा झाला. त्याला बाहेर काढायची कामगिरी दलेंदाची.

"मी नाही जायचा," लझहरकाका खुर्चीत रुतून बसला. "बायकोला सोडून मी जाऊ कुठं?"

"अहो काका, घरच्या बायकोला चुकवायला तर दिवसभर कॅफेत पडून असता," राद्या म्हणाली. सगळे खो खो हसले.

सिहेमबाईंनी शिकवलेलं वाक्य दलेंदानं म्हटलं, "तपासणी होईतो नवऱ्यानं बाहेरच थांबायचं," आवाज न चढवता, पण ठाम. म्हातारा उठला. दार लागलं, टाळ्या पडल्या. बाहेर गेलेला लझहरकाका व्हरांड्यात मकरूद खात उभा राहिला. खरा नवरा बाहेर जाऊन कुठं उभा राहील, हे काही कुणी विचारलं नाही. विचारायची गरज होती कुणाला तिथं? घरी जायची वेळ झाली होती.

पुढच्याच आठवड्यात ऑलिव्हच्या बागेतली नाबिंतू आली. दिवस भरत आलेले, पाय सुजून टम्म झालेले, डोकं ठणकत होतं. नवरा सोरी तिचा हात घट्ट धरून होता. गावात तेव्हा पोलिसांची पकडापकडी चालू होती. काळ्या कातडीचा माणूस दिसला की बसमध्ये कोंबायचे आणि सरहद्दीवरच्या वाळूत नेऊन सोडायचे. दवाखान्याच्या आत मात्र अजून कुणी शिरलं नव्हतं.

दलेंदानं रक्तदाब बघितला, तो भलताच चढला होता. हिला आजच भरती करायला हवं होतं. नाहीतर पोर आणि आई दोघं हातची जाणार. पण आधी नियम.

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबा," ती आपल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाली.

"मी इथंच थांबतो, बाई. तोंड भिंतीकडे करून उभा राहतो."

दलेंदानं ट्रेनिंगमधलं ते वाक्य म्हटलं. आवाज न चढवता, पण ठाम. सोरीनं बायकोकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि तो गेला. बाळंतिणींच्या व्हरांड्यात पुरुषानं थांबायचं नाही, ही तिथली जुनी रीत. कुठल्याशा बाळंतिणीच्या नातेवाईक बाईनं त्याला पुढं हाकललं, तसा तो फाटकाबाहेरच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला.

फोन लागला, दलेंदानं तो स्पीकरवर टाकला. दुभाषी बाईंचा आवाज शांत होता. नाबिंतू डोकेदुखीचं काही बोलेना. ती दाराकडे बघून भराभर तेच तेच सांगत होती.

"नवरा कुठंय, विचारतेय," दुभाषी म्हणाली. "फार घाबरलीय."

दलेंदाला गलबलून आलं. अगदी असंच सांगितलं होतं सिहेमबाईंनी. तिनं नाबिंतूचा हात हातात घेतला. "तिला म्हणावं, भिऊ नकोस. तो आत येणार नाही. मी येऊ देणार नाही."

दुभाषीनं तसं सांगितलं, तशी नाबिंतू मान हलवत आणखी भराभर बोलू लागली. "बाई, ती त्याला भीत नाहीये. त्याला आत घ्या म्हणतेय. बाहेर उभं केलं तर नेतील म्हणतेय."

दलेंदा दाराकडे धावली. दारात लझहरकाका उभा होता, डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन.

"नेला," तो म्हणाला. "मी सांगितलं, त्याची बायको आत आहे, भरल्या दिवसांची. तर मलाच म्हणाले, म्हाताऱ्या, गप बस. बस वळलीसुद्धा."

नाबिंतूला भाषा कळत नव्हती, पण टोपी कळली. ती रडली नाही. टेबलावरून खाली उतरली आणि सुजलेले पाय चपलांत कोंबू लागली. दलेंदा आडवी आली. "तिला सांगा, जाऊ नकोस. रस्त्यात झटके येतील. पाया पडते म्हणावं, मरशील."

दुभाषीनं सांगितलं. नाबिंतूनं फोनकडे बघत हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?"

"बाई, कसं सांगू..."

"सांगा."

"ती म्हणतेय, तो आत येणार नाही, असं तुम्ही आधीच म्हणालात. त्याला नेणार हे तुम्हाला ठाऊक होतं का, विचारतेय."

काहीही सांगितलं असतं तरी या बाईनं आता दलेंदाच्या हातची गोळी घेतली नसती, सुई टोचू दिली नसती, आणि तिचं तरी काय चुकलं? नाबिंतू भिंतीला धरत व्हरांड्यातून निघाली. फाटकाशी ती थांबली, रस्ता दोन्ही बाजूंना पाहिला आणि बस गेली होती त्या बाजूला चालू लागली.

"हॅलो," फोनवर दुभाषी म्हणत होती. "बाई, काय सांगू तिला?"