चार्ल्सटनला डॅडी येणार नाहीत

चार्ल्सटनच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी डेट्रॉइटमध्ये दारातला बर्फ उपसत होते. त्यांना डायलिसिस विभागासाठी मुख्य नर्स हवी होती. मुलाखतीला या, आवडलं तर जूनपासून रुजू व्हा, असं फोनवरची बाई म्हणाली. मी फावडं भिंतीला टेकवून आत गेले आणि डॅडींना सांगितलं.

डॅडी टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी आवाज बारीक केला, एवढंच.

"फ्लोरिडाला जा," ते म्हणाले. "टेक्ससला जा. चार्ल्सटन सोडून कुठंही जा."

"तुमचं गाव आहे ते."

"गाव होतं. माझं तिथं कोणी उरलेलं नाही, रेनीटा. सगळे गेले."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. वडिलांचं नाव क्लिओफस विगफॉल. अठराव्या वर्षी दक्षिण कॅरोलायना सोडून डेट्रॉइटला आले, गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबले, आणि ओहायोच्या दक्षिणेला पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही. त्यांचे आईवडील मी जन्मायच्या आधीच वारले, भावंडं नव्हती. माझी आई अलाबामाची, तिच्या बाजूचे मामा-मावश्या घरभर असायचे. विगफॉल मात्र आम्ही दोघंच. आई गेल्यावर तर घरातही दोघंच उरलो. माझा घटस्फोट झालेला, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ते सत्त्याहत्तर वर्षांचे, मी शेहेचाळीसची. त्यांना एकटं टाकून मी कुठं जाणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून दोन दिवसांनी कॉफी ढवळता ढवळता ते म्हणाले, "बघून येऊ. बघायला काय जातंय," तेव्हा मी चाटच पडले. मला वाटलं, नावं ठेवायला येतायत. गरम आहे, डास आहेत, घरं पाण्यात जातात, असं सगळं म्हणून मला परत घेऊन येतील.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. शुक्रवारी मुलाखत छान झाली. शनिवारी सकाळी गाडी भाड्याने घेऊन आम्ही शहरालगतच्या जेम्स आयलंड बेटावर घरं बघायला निघालो. डॅडी माझ्या शेजारी मांडीवर टोपी ठेवून बसले होते. पूल ओलांडला, दोन्हीकडे दलदलीतलं हिरवं गवत सुरू झालं आणि ते एकदम म्हणाले, "उजवीकडे वळ."

"डॅडी, घर डावीकडे आहे. फोन सांगतोय."

"फोन काय इथं जन्मलाय? उजवीकडे घे."

मी वळले. ओकच्या झाडांखालून कच्चा रस्ता गेला होता. टोकाला एक पांढरं लाकडी चर्च आणि मागे दलदलीपर्यंत उतरत गेलेलं दफनस्थान. चर्चच्या अंगणात बायका मासे तळत होत्या, विक्रीला. वास सगळीकडे पसरला होता.

"माझी आई इथं असेल," डॅडी म्हणाले. "जाऊन येतो."

मीही मागे गेले. काठी टेकत ते सरळ चालत होते, कुणाला विचारायची गरज नसल्यासारखे. इथल्या चालीप्रमाणे थडग्यांवर शिंपले मांडलेले होते. एका झाडाखाली ते थांबले. आयझॅया विगफॉल, माझे आजोबा. त्याच्या बाजूला हेस्टर विगफॉल. आजीचं नाव मी पहिल्यांदाच असं दगडावर बघत होते. तारखा वाचल्या आणि पुन्हा वाचल्या. हेस्टर, १९२२ ते १९८९.

मी एकोणनव्वद साली बारा वर्षांची होते.

विचारायला तोंड उघडलं, पण डॅडींचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते तिसऱ्या दगडाकडे बघत होते. तो लहान होता, हातानं ओतलेल्या सिमेंटचा, ओलं असताना खिळ्यानं अक्षरं कोरलेला.

क्लिओफस विगफॉल. ९ मार्च १९४६ – जुलै १९६७. आईचा लेक.

माझ्या डोक्यात आधी अगदी साधा विचार आला. म्हटलं, त्यांच्या नावाचा एखादा चुलतभाऊ असेल. "डॅडी, तुमच्या नावाचं आणखी कोणी होतं का?" असं विचारलंसुद्धा. मग तारीख नीट दिसली. नऊ मार्चला, बाराच दिवसांपूर्वी, मी डॅडींसाठी नारळाचा केक केला होता.

दगडासमोर ताजे शिंपले होते, पांढरे, धुतलेले. कोणीतरी अजूनही येत होतं.

"हे मी नाही," डॅडी म्हणाले. वाकून त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं. "रेनीटा, हे मी नाही ना?" आणि काठी सुटून ते खाली बसले ते बसलेच.

माझी ओरड ऐकून अंगणातली एक बाई धावत आली. हाताला पीठ, कमरेला एप्रन. "ऊन लागलं का त्यांना? थांब, पाणी आणते." तिनं पाणी आणलं, डॅडींच्या मानेला ओला फडका लावला आणि मग इथल्या रीतीप्रमाणे विचारलं, "कुठल्या घरातले गं तुम्ही?"

"विगफॉल," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे व्हर्डेलची माणसं! मग आधी सांगायचं नाही का?"

"व्हर्डेल कोण?"

"ऐका आता! विगफॉल म्हणवते आणि व्हर्डेल कोण म्हणून विचारते!" ती हसायला लागली.

"पीवी जिवंत आहे?" डॅडींनी विचारलं.

त्यांचा आवाज ऐकून बाईचं हसू विरलं. व्हर्डेलला लहानपणी घरात कोणत्या नावाने हाक मारायचे, हे परक्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं डॅडींच्या तोंडाकडे पाहिलं, मग दगडाकडे, आणि एप्रनच्या खिशातून फोन काढला. "व्हर्डेल, चर्चमागे ये. नाही, आत्ता ये. आहेस तशी ये."

दहा मिनिटांत एक गाडी गवतावरच येऊन थांबली. उतरली ती साठी उलटलेली, उंच, मजबूत हाडापेराची बाई. पायात घरातल्या सपाता, डोक्याला फडकं. कपाळ, नाक, खांद्यांची ठेवण, सगळं माझं. आरशात स्वतःला म्हातारं झालेलं बघावं तसं मला झालं.

डॅडी माझ्या हाताला धरून उठले.

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मग म्हणाली, "डावा कान दाखव."

त्यांनी मान वळवली. कानाच्या पाळीला खाच होती, गळ लागून फाटलेली. मला ती जन्मापासून माहीत होती.

तिनं पायातली सपात काढली आणि डॅडींच्या खांद्यावर मारली. मग दंडावर मारली. मी मध्ये पडायला गेले तर पिठाच्या हाताच्या बाईने मला मागे ओढलं. "मारू दे तिला."

"आपल्या गावचा रूफस आला होता डेट्रॉइटहून," व्हर्डेल म्हणाली. ती ओरडत नव्हती, आणि तेच जास्त भयंकर होतं. "म्हणाला, दंगलीत क्लिओला गोळी लागली, मी पाहिलं. आई आठ दिवस जेवली नाही. प्रेत आणायचं कुठून? मग हा दगड तिनं स्वतः ओतला. अक्षरं मी कोरली. अकरा वर्षांची होते मी, क्लिओ! तुझ्या नावाचं स्पेलिंग आईला येत नव्हतं म्हणून मी कोरलं."

"रूफसची चूक झाली असेल. अंधारात, त्या गोंधळात..."

"रूफसचं सोड. तू काय करत होतास? बावीस वर्षं दर रविवारी आई इथं येऊन बसायची. एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही तुला?"

डॅडींचे ओठ हलले. "मी आपल्या डॅडींच्या बोटीचं इंजिन विकून पळालो होतो. माहीत आहे ना तुला? त्यांचा त्या वर्षीचा कोळंबीचा हंगाम बुडाला. पहिली दोन वर्षं लाजेत गेली. वाटलं, नवं इंजिन घेऊनच परत जाईन. मग लग्न झालं. मग इतकी वर्षं झाली, की कुठल्या तोंडानं लिहायचं?"

"याच तोंडानं," व्हर्डेल म्हणाली.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "आणि ही?"

"माझी मुलगी. रेनीटा."

"किती वर्षांची?"

"शेहेचाळीस," मी सांगितलं.

तिनं मनात हिशेब केला, ते मला दिसलं. आजीच्या दगडाकडे तिची नजर गेली आणि तिथंच, एक सपात पायात, एक हातात, ती रडायला लागली. डॅडींसाठी नाही. आजीला एक नात होती आणि ते आजीला कळलं नाही, यासाठी.

त्या दिवशी आम्ही एकही घर पाहिलं नाही. आत्यानं आम्हाला घरी नेलं, टोमॅटोचा लाल भात आणि तळलेले मासे वाढले, आणि पूर्ण जेवण होईतो डॅडींशी एक शब्द बोलली नाही. त्यांना भात हवा असेल तर ती मला म्हणायची, "तुझ्या बापाला विचार, आणखी वाढू का?" निघताना दारात फक्त एवढं म्हणाली, "उद्या चर्चला यायचं. लोकांना मी एकटी सांगत बसणार नाही."

रविवारी डॅडी सगळ्यांसमोर उभे राहिले. नाव सांगितलं. समोर दीडशे माणसं होती. एका म्हातारीनं तोंडावर पदरासारखा हातरुमाल धरला. मग मागच्या बाकावरून एक म्हातारबुवा काठीवर उठले आणि म्हणाले, "क्लिओ, लेका, तू मेलास म्हणून मी इथं तुझ्यावर भाषण केलं होतं. किती खोटं बोललो होतो तुझ्याबद्दल! चांगला मुलगा, आईबापाचा आधार..." चर्चभर हसू फुटलं. डॅडीही हसले आणि हसता हसताच त्यांना हुंदका आला.

मला हसू आलं नाही.

हॉटेलच्या बाहेर गाडी लावून मी इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. दुपारचं ऊन काचेवर होतं.

"माझी आजी होती," मी म्हणाले. "मी बारा वर्षांची होईपर्यंत होती. शाळेत आम्हाला आजीआजोबांवर निबंध लिहायला सांगितला होता. मी तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, मेली ती. ती इथं तुमच्या दगडापाशी बसली होती आणि तुम्ही मला सांगितलंत, मेली."

"हो."

"आईला माहीत होतं?"

"नाही. तिलाही तेच सांगितलं होतं."

इतका वेळ मी त्यांची बाजू घ्यायला काहीतरी शोधत होते. आता तेही संपलं. "मी ही नोकरी घेणार नाही," मी म्हणाले. "उद्या त्यांना कळवते. मला या गावात राहायचं नाही. प्रत्येक रस्त्यावर मला हेच दिसेल."

डॅडींनी मान हलवली. टोपी हातात फिरवत राहिले. "तू जा, रेनीटा. मी राहतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. साठ वर्षं ज्या माणसानं या गावाचं नाव काढू दिलं नाही, तो मला सांगत होता की मी राहतो.

"कुठं राहणार?"

"व्हर्डेलकडे. अजून तिला विचारलेलं नाही."

"ती सपात काढेल."

"काढू दे," ते म्हणाले.

मंगळवारी मी एकटीच डेट्रॉइटला परत आले. हॉस्पिटलला नकार कळवला. घरात शिरले तर डॅडींच्या खुर्चीवर त्यांचा जाड स्वेटर तसाच पडला होता. तो मी उचलला नाही, धुतलाही नाही. एप्रिलभर त्यांचे फोन घेतले नाहीत. मैत्रिणींना सांगितलं, डॅडी नातेवाईकांकडे गेलेत. हे बोलताना प्रत्येक वेळी मलाच दचकायला व्हायचं. आमचे नातेवाईक!

मे महिन्यात आत्याचा फोन आला. मी घेतला.

"तुझा बाप माझं डोकं खातो," ती म्हणाली. "भेंडी कशी लावायची ते मला शिकवतो. मला! काल त्याला तो दगड हलवायचा होता. मी म्हटलं, आईनं ठेवलाय, खबरदार हात लावशील तर. राहू दे तिथंच, तुलाच लागेल."

मला इतकं हसू आलं की फोन हातातून पडता पडता राहिला.

"तू त्याच्याशी बोलत नाहीस ते ठीक करतेस," ती पुढे म्हणाली. "मीही अर्धा दिवस बोलत नाही. पण माझ्याशी का बोलत नाहीस? मी काय केलंय? मला भाची आहे हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. त्याच्यासाठी येऊ नको. त्याच्यावर रागाव, खुशाल रागाव. इथं येऊन रागाव."

मी लगेच हो म्हटलं नाही. हॉस्पिटलची ती जागा तर गेलीच होती. जुलैत आठ दिवस राहून आले. आत्याने मला तीन चुलतआत्यांकडे फिरवलं, आजीचा फोटो दाखवला, तिच्या हाताची गवताची टोपली माझ्या मांडीवर ठेवली. डॅडी मागच्या बाजूला भेंडीत पाणी घालत होते. आम्ही एकमेकांशी हवापाण्याचं बोललो.

ऑक्टोबरमध्ये मी घर विकलं आणि चार्ल्सटनला आले. एका छोट्या डायलिसिस केंद्रात नोकरी मिळाली, पगार थोडा कमी. घर आत्यापासून बारा मिनिटांवर घेतलं, तिच्याच घरात नाही. हे मी मुद्दामच केलं आणि ते दोघांनाही कळतं.

बुधवारी डॅडींना मी तपासणीला घेऊन जाते. गाडीत कधी बोलतो, कधी नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "त्या निबंधात तू शेवटी काय लिहिलं होतंस गं?"

"काही नाही," मी सांगितलं. "कोरा कागद दिला."

मी त्यांना माफ केलंय का, ते मला माहीत नाही. त्यांनी अजून माफी मागितलेली नाही, आणि मागू नका असंही मी म्हटलेलं नाही. सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली, आणि दवाखान्याच्या दारात त्यांना उतरायला हात दिला.