सुरईचं घराणं

पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवून झाल्यावर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिने राजीनामा दिला आणि डॉक्टरेटसाठी प्रयोगशाळेत नाव घातलं. तिथली बाकीची मंडळी तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला 'मास्तरीणबाई' करून टाकलं. तिने ते हसून चालवून घेतलं, कारण भांडत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. या पोरांना आयुष्य पडलं होतं. तिला उशीर झाला होता.

तिच्या वाट्याला आला तो शेवाळात राहणारा एक जीव. एकाच पेशीचा, अमिबाच्या भाऊबंदांतला, पण अंगावर कवच घालून फिरणारा. फुगीर पोट, अरुंद मान, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला सुरईच म्हणत. त्याच शेवाळात दुसरा एक कवचवाला असे, जरा बुटका, रुंद तोंडाचा, पण कवचाची घडण तीच. त्याचं नाव पडलं होतं गडू.

सुरई आणि गडू या सख्ख्या बहिणी, हे सरांनी पस्तीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, विभागाचे प्रमुख, निवृत्तीला पाच वर्षं उरलेली. तरुणपणी त्यांनी तीन हजार कवचांची मापं घेतली, चित्रं काढली आणि प्रबंध लिहिला. पाठ्यपुस्तकांत आजही तीच चित्रं होती. शाळेत तिनेही तीच शिकवली होती.

आता तिला ते जनुकांवरून तपासायचं होतं. दोन वर्षं खपून तिने सुरईच्या एका जनुकाची अक्षरं वाचली, शंभरेक इतर जिवांच्या अक्षरांशेजारी मांडली आणि वंशवृक्ष काढला. सुरई गडूपाशी नव्हतीच. ती बसली होती पार दुसऱ्या टोकाला, धाग्यासारखे पाय काढणाऱ्या कवचवाल्या जिवांच्या, म्हणजे धागेवाल्यांच्या, कुळात. सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आकडे बोलतायत, तर बोलू द्या." निबंध पाठवला गेला, स्वीकारलाही गेला. पोरांनी तिला खुर्चीसकट उचललं.

त्यानंतर आठ दिवसांनी, एका सकाळी, काही खास काम नव्हतं म्हणून ती नुसतीच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. समोर एक जिवंत सुरई. तिने तोंडातून पाय बाहेर काढला, शेजारून जाणाऱ्या एका धागेवाल्याला वेढा घातला आणि त्याला कवचासकट आत ओढून घेतलं.

मास्तरीणबाईंनी आपली जुनी वही ओढली. आपण जी अक्षरं वाचली ती सुरईची होती, की सुरईच्या जेवणाची?

उत्तर शोधायला तीन दिवस लागले. जेवणाचीच होती.

हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कदाचित पुढची दहा वर्षं कळलंही नसतं. चौथ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली आणि निबंध मागे घ्यायचाय म्हणून सांगितलं.

सर मागे रेलले. त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. "म्हणजे पस्तीस वर्षं जे होतं तेच खरं म्हणायचं."

"नाही सर," ती म्हणाली. "माझं चुकलं याचा अर्थ तुमचं बरोबर, असा होत नाही."

दारापाशी फाइल घेऊन उभे असलेले, अक्षरं वाचायचं यंत्र सांभाळणारे मशीनवाले काका खाली मान घालून निघून गेले. सरांचा चेहरा लाल झाला.

"मग काय बरोबर ते दाखवा," ते म्हणाले. "एक वर्ष देतो."

तिने कंबर कसली. पहिली गोष्ट म्हणजे सुरईला उपाशी ठेवायचं. पोटातलं सगळं पचून जाईपर्यंत, चार दिवस. पण चार दिवसांत निम्म्या सुरया मरत. तीन दिवसांत मरत नसत, पण पोट रिकामं होत नसे. शेवटी साडेतीन दिवसांवर गणित जमलं. मग केसाएवढ्या काचेच्या नळीने एकच पेशी उचलायची, स्वच्छ पाण्याच्या सात थेंबांतून एकापाठोपाठ एक धुवायची, तिचा फोटो काढायचा, म्हणजे कुणाची अक्षरं वाचतोय याबद्दल शंका नको, आणि मगच ती फोडायची. सातवा थेंबही फेकायचा नाही. तोही यंत्रात घालायचा. त्या पाण्यात एक जरी अक्षर सापडलं तर धुणं अपुरं, अख्खी खेप बाद.

पहिल्या चार खेपा बाद झाल्या. पाचव्या खेपेला तिला शिंक आली आणि पेशी कुठे उडाली ते देवालाच ठाऊक. काकांनी हात टेकले. "बाई, यंत्र माझं म्हातारं झालंय, आणि तुम्ही मलाही म्हातारं करणार."

"मग दोघांनाही तेलपाणी करून ठेवा काका. उद्या सहावी खेप आहे."

घरी नवरा होता, चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि बारा वर्षांची लेक. नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "घरात एक सुरई आण म्हटलं, तर हिने चारशे गोळा केल्या. एकीतही प्यायचं पाणी राहत नाही." पण तिचा डबा तोच भरायचा, आणि खेप बाद झाली की तिचा चेहरा बघून काही विचारायचा नाही.

लेक मात्र विचारायची. एकदा संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्षरांचे ते लांबच लांब कागद पसरलेले पाहून म्हणाली, "आई, यावरून कोण कोणाचं नातेवाईक ते कसं कळतं? सगळी अक्षरं तर सारखीच दिसतायत."

"तुमच्या वर्गात कुणी कॉपी केली तर बाईंना कसं कळतं?"

"उत्तरं सारखी येतात."

"बरोबर उत्तरं तर सगळ्यांची सारखीच असतात. त्यावरून काही कळत नाही. पण दोघांच्या पेपरात एकच चूक, त्याच जागी, तशीच्या तशी आली, की?"

लेक हसली. "की दोघी शेजारी बसल्या होत्या."

"तेच. ही अक्षरं प्रत्येक पिढीत उतरवली जातात. उतरवताना कधीतरी चूक होते, आणि मग ती पुढच्या सगळ्यांकडे जाते. मी त्या चुका शोधते. पंधरा वर्षं दुसरं काय केलं मी?"

"आणि कवच? ते तर दोघींचं सारखं आहे ना?"

"पावसात दोन अनोळखी बायका रेनकोट घालून उभ्या असल्या, तर त्या बहिणी होतात का?"

लेकीला पटलं. सरांना पटवायचं बाकी होतं.

सहावी खेप लागली. मग आठवी, नववी, अकरावी. या वेळी तिने एका जनुकावर भरवसा ठेवला नाही, पाच घेतली. एखादं जनुक फार भराभर बदलत असलं तर योगायोगाने जुळलेली अक्षरंही नात्यातली वाटतात, हे तिला पक्कं माहीत होतं. अक्षरांच्या रकान्यांतले कधी हे, कधी ते उचलून तिने संगणकाला हजार वेळा झाड काढायला लावलं, सुरई दर वेळी त्याच फांदीवर परतते का ते बघायला. हजारातून नऊशे चौर्‍याऐंशी वेळा ती परतली.

आणि ती फांदी ना गडूची होती, ना धागेवाल्यांची. सुरई बसली होती साध्या, उघड्या अमिबांच्या घराण्यात, ज्यांच्यात कुणाच्याच अंगावर कवच नव्हतं. तिने आपलं कवच स्वतंत्रपणे, एकटीने कमावलं होतं. सारख्या सुकणाऱ्या त्या शेवाळात पाणी टिकवायचं तर कवच हवंच. ते गडूच्या पूर्वजांनीही केलं, हिच्याही केलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पाचांपैकी एक जनुक डळमळीत आहे, हेही तिने स्वतःहून सांगितलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पेशी मी उचलणार. कुठल्या नळीत काय ते तुम्हाला सांगणार नाही."

"चालेल सर."

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेत येऊन बसले. त्यांना असं काम करताना पोरांनी कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या दोन पेशी निसटल्या. ती मदतीला पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं, श्वास रोखला आणि एकेक करत बारा पेशी उचलल्या. नळ्यांवर नुसते आकडे. यादी पाकिटात बंद करून काकांच्या कपाटात ठेवली.

पाच आठवड्यांनी तिने बारा आकड्यांसमोर बारा उत्तरं लिहिली. काकांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि सर एकेक वाचत गेले. एक, गडू. दोन, सुरई. तीन, सुरई. सातव्यापाशी ती म्हणाली, "ही ना सुरई आहे, ना गडू. धागेवाला आहे."

"तो मी मुद्दाम घातला होता," सर म्हणाले. "बघावं म्हटलं."

बाराच्या बारा बरोबर निघाली. सुरया सगळ्या त्याच उघड्या अमिबांच्या फांदीवर.

सरांनी यादीची घडी घातली. "सव्वीस वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "तीन हजार कवचं मोजली. मोजण्यात एकही चूक नव्हती हो."

"नव्हतीच सर. मी सगळी मापं पुन्हा तपासलीयत. मापं बरोबर आहेत, नातं तेवढं चुकलं."

ते थोडंसं हसले, आणि त्या हसण्यात थोडी खंतही होती. निबंध लिहिताना तिने त्यांच्या जुन्या प्रबंधाचा उल्लेख हळुवार शब्दांत केला होता. सरांनी ते वाक्य खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात वर लिहिलं: 'हे वर्गीकरण चुकीचं होतं.' मग सही केली.

निबंध छापून आला त्या दिवशी तिला वाटत होतं, आता चार दिवस घरी नुसतं लोळायचं. ती पिशवी आवरत होती, तेवढ्यात सर एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. त्यावर त्यांच्याच अक्षरात अकरा नावं होती.

"हे बाकीचे," ते म्हणाले. "यांनाही मी कवचावरूनच घराणं दिलंय. माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. उचलायला मी आहे, वाचायला तुम्ही."

तिने नावं वाचली. शेवटची तीन तर तिने कधी ऐकलीही नव्हती. पाय दुखत होते, डोळे चुरचुरत होते. तिने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि काकांना हाक मारली.

"काका, यंत्र बंद करू नका."