पुसलेले हात

"घरात कुणी अंगाला लावायचं औषध वापरतं का? मलम, जेल, हार्मोनचं काही?" मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं.

मुलगा म्हणाला, "नाही." सून म्हणाली, "माझं हाताचं क्रीम आहे, साधंच." बायको म्हणाली, "मी गुडघ्याला तेल चोळते, बाकी काही नाही." मग बाईंची नजर माझ्यावर आली. साडेतीन वर्षांची नात, आमची भिंगरी, माझ्या मांडीवर बसली होती आणि तिचं डोकं माझ्या दंडाला टेकलेलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझ्या डोक्यात त्याच क्षणी लख्ख पडलं होतं. प्रश्न पुरता संपायच्या आत मला उत्तर कळलं होतं. तरी मी नाही म्हणालो, आणि वर तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या हाताची मला आजही किळस येते.

गेल्या तीन महिन्यांत पोरीच्या वरच्या ओठावर काळी लव आली होती. कपाळावर पुटकुळ्या. खेळून आली की तिच्या घामाला मोठ्या बाप्याच्या घामासारखा वास यायचा. बालवाडीत ती दोन मुलांना कडकडून चावली. नव्या चपला पायात शिरेनात. आधी आम्ही हसलो, "आबांवर गेलीय" म्हणालो. मग रक्त तपासलं, हाडांची वाढ बघायला हाताचा एक्स-रे झाला, आणि रक्तात पुरुषाचं हार्मोन सापडलं.

"औषध नसेल, तर गाठ आहे का ते बघायला हवं," बाई म्हणाल्या. "सोमवारी पोटाचं स्कॅन करू. लहान आहे, हलेल, त्यामुळे भूल द्यावी लागेल."

गाठ हा शब्द ऐकून सुनेनं पदराचा बोळा तोंडात धरला. त्या दिवशी बुधवार होता.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. बत्तीस वर्षं झाली. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपर्यंत लिफ्ट जात नाही, शेवटचा जिना चढावाच लागतो. वर्षभरापूर्वी तो जिना मला खायला उठू लागला. दुपारी डबा खाल्ला की डोळे मिटायचे. कारण नसताना रडू यायचं. एकदा पाना हातातून पडला म्हणून रडलो. घरी बायकोनं आपलं अंथरूण गुपचूप नातीच्या खोलीत नेलं. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. मी समजायचं ते समजलो.

माझ्या जोडीदाराला आम्ही पैलवान म्हणतो, कारण तो काडीसारखा आहे. त्यानंच मला दवाखाना सांगितला. तिथं रक्त काढलं आणि माझं हार्मोन तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी जेल लिहून दिलं, रोज सकाळी दोन्ही खांद्यांना लावायचं. पुढचं समजावायला नर्सबाई होत्या. त्यांचा आवाज खणखणीत आणि दार उघडं. बाहेर बाकावर तीन माणसं. "आजोबा, नीट ऐका बरं का," असं त्यांनी म्हटलं आणि आजोबा या शब्दाशीच माझे कान बंद झाले. त्या हात धुण्याचं काहीतरी म्हणाल्या, कपड्यानं झाकण्याचं, लहान मुलांचं. मी "हो हो" करत दाराकडे बघत होतो. खोका आणि आतला कागद मी दोन गल्ल्या पलीकडच्या कचऱ्यात टाकला. ट्यूब ग्रीसच्या रिकाम्या डब्यात लपवली.

खोटं कशाला बोलू, गुण आला. महिन्याभरात जिना सरळ झाला. मी शीळ घालायला लागलो. नातीला खांद्यावर घेऊन घरभर नाचायचो. साठी जवळ आली, बुद्धी नाठी झाली, दुसरं काय! सकाळी जेल चोळायचं, हात चिंधीला पुसायचे, बनियन चढवायचं, आणि भिंगरी झोपेतून उठून आली की उचलून घ्यायचं. ती उघड्या खांद्यावर गाल टेकून पुन्हा डुलकी घ्यायची. मला वाटायचं, हा माझा तरुणपणा परत आलाय. तो तिच्या गालातून तिच्या अंगात जात होता.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लिफ्टच्या रुळांना तेल हवं, आणि ब्रेकला तेलाचा थेंबही चालत नाही. ब्रेक तेलकट झाला की तो धरत नाही, आणि आत माणसं असतात. एकदा पैलवानानं रुळाला तेल घालून हात चिंधीला पुसले आणि तसाच ब्रेकला लागला. मी त्याला चार माणसांत आईबापावरून शिव्या घातल्या होत्या. "पुसलेला हात म्हणजे धुतलेला हात नव्हे!" हे माझं वाक्य. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी तेच ऐकवतो.

बुधवारचं झालं. गुरुवारी सकाळी काय केलं तेही सांगतो. कामावरच्या मोरीत दार लावून मी डबा उघडला, आणि लावलं. घरात पोरीला गाठ आहे म्हणून सगळे अर्धमेले झालेले, आणि मला त्या जिन्याची भीती वाटत होती. नंतर हात साबणानं तीनदा धुतले. धुता येतात, हे त्या दिवशी कळलं म्हणायचं.

शुक्रवारी पैलवानाला सगळं सांगितलं. तो खिदळला.

"अरे, मग सोपं आहे की! मलम बंद कर आणि तोंडही बंद ठेव. स्कॅनमध्ये काही निघणार नाही. पोरगी आपोआप बरी होईल."

"तिला भूल देणार आहेत."

"रोज शंभर पोरांना देतात. तू सांगितलंस तर जन्मभर सून तोंडावर काय म्हणेल माहितीय? म्हातारचळ! चहा पी."

त्याच्या हसण्याची मला शिसारी आली. पण खरी शिसारी दुसऱ्याच गोष्टीची होती. तो जे बोलला ते शब्दन् शब्द माझ्या मनात बुधवारपासून तयार होतं. शनिवारी मी बोललो नाही. रविवारीही नाही. सून देव्हाऱ्यासमोरून उठत नव्हती, आणि मी वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसलो.

सोमवारी पोरीला उपाशी ठेवलेलं होतं. दवाखान्याच्या लांब ओसरीत आम्ही बसलो. तिच्या हाताच्या पाठीवर सुई टोचून पट्टी बांधली होती. रडून रडून ती थकली आणि सुनेच्या मांडीवरून माझ्याकडे झेपावली.

"आबा, बिस्कीट."

"नंतर हं, राणी."

"आबा, तू देतोस ना गुपचूप. दे ना."

भूल देणारे डॉक्टर कागद घेऊन आले. मुलानं सहीसाठी पेन काढलं, आणि टोपण निसटून खाली पडलं. ते उचलायला मी वाकलो, आणि वाकल्या वाकल्याच बोललो.

"थांबा. गाठ नाहीये. माझ्यामुळे झालंय."

पिशवीतून ग्रीसचा डबा काढून बाकावर ठेवला. आतली ट्यूब काढली. डॉक्टरांनी नाव वाचलं, आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

"किती महिने लावताय?" बाईंनी विचारलं.

"चार."

"हात धुवायचात?"

"चिंधीला पुसायचो."

बाई आजचं स्कॅन थांबवू म्हणाल्या, आधी पुन्हा रक्त बघू. जेल डॉक्टरांनीच लिहून दिलेलं होतं, तेव्हा औषध वाईट नाही, लावायची रीत वाईट, असंही म्हणाल्या. मला ते सांत्वन नको होतं. सुनेनं भिंगरीला माझ्या मांडीवरून उचललं. ओढून घेतलं नाही, हळूच उचललं, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मुलगा टोपण हातात धरून उभा होता. मला वाटलं आता औषधावरून बोलेल, ऐकून घेऊ.

"बुधवारी विचारलं होतं, बाबा," तो म्हणाला. "पाच दिवस?"

मी ग्रीसचा डबा परत पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर बायको स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. मी दारात उभा राहिलो.

"मला तर सांगायचं होतंत."

"तुला कसं सांगू? तूच अंथरूण उचलून गेलीस."

ती वळली. "अहो, तुम्ही आठ वाजता मेल्यासारखे झोपत होतात! मला गुडघ्यामुळे रात्री चारदा उठावं लागतं. म्हटलं, दमलेल्या माणसाची झोप कशाला मोडा." मग पातेलं पालथं घालत म्हणाली, "एवढंच होतं ते."

दोन महिने झाले. मी जेल सोडलं. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन घ्या, त्यानं कुणाला काही होत नाही. घेईन कदाचित. अजून दंड पुढं करावासा वाटत नाही. पोरीचं रक्त उतरणीला लागलंय, घामाचा वास गेला, लव विरळ होतेय. उंचीवर मात्र काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल. मी घरात गळ्यापर्यंत बटणं लावून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. अंगाला काही नसतं, तरी कोपरापर्यंत हात धुतो. सून जेवायला वाढते, "आणखी हवं का" विचारते. त्यापलीकडे बोलत नाही, आणि आबांना शिवायचं नाही असं तिनं पोरीला शिकवलंय.

काल संध्याकाळी मी दुकानातून दूध घेऊन आलो, तर भिंगरी इमारतीच्या दाराशी उभी होती. मागे सून, खेळून आलेल्या पोरीचा घाम पुसायला खांद्यावर टॉवेल टाकलेली. नेमकी आमच्याच इमारतीची लिफ्ट बंद होती. पोरगी नेहमीसारखी हात वर करून धावली आणि दोन पावलांवर आपणच थांबली. आईकडे बघितलं. मग सुनेच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि त्याचं एक टोक माझ्यापुढं धरलं.

"हे धर. हे चालतं."

मी सुनेकडे पाहिलं. तिनं दुधाची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पुढं निघाली.

मी टोक धरलं. दुसरं टोक भिंगरीच्या मुठीत. आम्ही जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावर मला दम लागला, कठड्याला टेकून उभा राहिलो. ती दोन पायऱ्या वर जाऊन थांबली, आणि मला पुन्हा श्वास सापडेपर्यंत तिनं टॉवेल ताणून धरला.