सुट्टीच्या दुपारी फुटलेले ठोकळे

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. कॉन्स्टंटाइन शहराच्या विद्यापीठात काँक्रीटचे ठोकळे चेपून फोडते, म्हणजे काँक्रीट किती दमाचं आहे ते कळतं. आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या सगळ्या बायकाच. त्यांनी मला तेल दिलं, शिव्याही दिल्या, म्हणून मी टिकले. पुरुष एकच, विभागप्रमुख उस्ताद अम्मार; आमच्याकडे प्राध्यापकाला उस्ताद म्हणतात. ते सह्या करतात.

त्या बायकांतल्या सबिहाने ऑलिव्हच्या बियांची राख घालून आठ फेब्रुवारीला तीन ठोकळे ओतले. ते बरोब्बर अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे. त्या आकड्यांवर तिचा प्रबंध उभा, आणि प्रबंधाची मुदत एकतीस मार्च.

अठ्ठाविसावा दिवस आला आठ मार्चला. महिला दिन! आमच्याकडे त्या दिवशी बायकांना गुलाब देतात आणि दुपारी घरी पाठवतात. सकाळभर तर उस्ताद सन्मान म्हणून मला गुलाबी रंग फासून घेत होते, त्यामुळे मी बंद.

"उस्ताद, दुपारी थांबू द्या ना. ठोकळे फोडायचेत," सबिहा म्हणाली.

"अगं पोरी, आज तुझा मान आहे. मानाच्या दिवशी कुणी राबतं का?"

"मग मान उद्या द्या."

"उद्या नऊ तारीख," उस्ताद म्हणाले आणि सगळ्याजणी बाहेर पडल्यावर दाराला कुलूप घातलं.

दुपारी कुलूप उघडलं ते पाहुण्यांसाठी. विज्ञानातल्या स्त्रियांवर ते भाषण द्यायला आले होते. समोर ऐकायला इतर विभागांतल्या नुसत्या मिशा.

"ही मशीन चालवणाऱ्या बाई कुठायत?" पाहुण्यांनी विचारलं.

"घरी. त्यांचा सन्मान चाललाय."

मग उस्तादच पुढे सरसावले. कोटाची बाही माझ्या ओल्या रंगाने माखली. हाताला लागला तो ठोकळा, सबिहाचाच, त्यांनी माझ्या जबड्यात ठेवला. फाट्! टाळ्या पडल्या. "अजून एक होऊ द्या," पाहुणे म्हणाले. तिसरा फोटोसाठी फोडला. आकडा एकानेही लिहिला नाही. मित्रांनो, मला तोंड नाही, नुसता काटा आहे. शेवटच्या आकड्यावर मी तो घट्ट धरून ठेवला.

सकाळी सबिहाने चुरा पाहिला. मग वहीत माझ्या काट्यावरचा एक आकडा लिहिला आणि त्याच्या वर, हरवलेल्या दोन आकड्यांच्या जागी, दोन रेघा ओढल्या.

"काल सुट्टी दिली, तरी तोंड पाडून बसलीस?" उस्ताद म्हणाले.

तिने कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजले. नवे ठोकळे ओतले तर अठ्ठावीस दिवस एप्रिलात संपतात.

म्हणून सांगते मित्रांनो, आमची निगा राखायची असेल तर आम्हाला नटवू नका. काम करणारीला आधी विचारा, तिला काय हवंय.

आत्ता ती नव्या ठोकळ्यांसाठी राख चाळतेय. मुदत वाढेल की नाही, ठाऊक नाही. जरा गप्प बसा, तिचं माप चुकेल.