सोमवारचे सहा आकडे

"आता हा म्हणतो, आधी ओळख पटवा!" मोठ्या सिस्टरनी फोन टेबलावर आपटायचा आव आणला आणि अलगद ठेवला. "चौदा वर्षं या वॉर्डाचा ड्युटीचा तक्ता मी लावतेय. आणि मलाच विचारतो, तुम्ही कोण?"

"वाचू तरी देतोय ना?" औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी असलेली धाकटी सिस्टर म्हणाली. धाकटी म्हणजे चांगली पस्तिशीची, पण नाव पडलं ते पडलं.

"वाचू देतो गं. हात लावू देत नाही. दुकानाच्या काचेतल्या बाहुलीसारखं."

तक्ता पूर्वी भिंतीवर असायचा. पेन्सिलीने लिहिलेला. कुणाचं पोर आजारी पडलं की नाव खोडायचं, दुसरं लिहायचं. रबराने कधी कुणाला ओळख विचारली नाही. मग तक्ता फोनमधल्या एका फाइलमध्ये गेला. आता एक नाव इकडचं तिकडे करायचं तर खातं उघडा, पासवर्ड द्या, वर मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड द्या. हे खातं त्यांच्या लेकीने काढून दिलं होतं, नोकरीसाठी दूरच्या शहरात जायच्या आदल्या दिवशी. बांधाबांधीच्या घाईत तिने नंबर टाकला तो स्वतःचाच. त्यामुळे कोड जायचा लेकीच्या फोनवर.

"करते बाई फोन," असं कुरकुरत मोठ्या सिस्टर खिडकीपाशी गेल्या.

"आई, आलाय कोड. घे लिहून."

"थांब, चष्मा लावू दे." चष्मा नाकावरच होता.

"दहाच मिनिटं चालतो गं तो."

"माहितीये. खोकला कसा आहे?"

"बरा आहे. एक्केचाळीस..."

"वाफ घेतलीस?"

"घेतली गं आई! एक्केचाळीस, शून्य सात..."

"आणि ती वरच्या मजल्यावरची? अजून भांडते का पाण्यावरून?"

लेक हसली. मग तिला सांगितल्याशिवाय राहवेना. वरच्या मजल्यावरची कशी बादली घेऊन जिन्यात बसून राहिली, इथपासून सगळं.

"अगं, मुदत संपली म्हणतोय हा," मोठ्या सिस्टर शेवटी म्हणाल्या. "दुसरा मागवते."

"आई, पेशंटला इंजेक्शन पण अशीच देतेस का? गप्पा मारून मारून?"

एरवी फोन केला की लेक आधी विचारायची, "काय गं, काही काम होतं?" काम नसायचंच. "नाही, सहजच," म्हणताना त्यांना चोरी पकडली गेल्यासारखं व्हायचं. लेक वाईट नव्हती, गडबडीत असायची इतकंच. कोड हे मात्र काम होतं. सुरुवातीला फाइलने त्यांना खरोखरच दोन-चारदा खात्यातून बाहेर काढलं. पुढे रविवारी सुट्टीच्या दिवशी त्या स्वतःच 'बाहेर पडा'वर बोट ठेवू लागल्या, आणि सोमवारी वॉर्डात येऊन फाइलच्या नावाने सगळ्यांत मोठ्याने बोटं मोडू लागल्या.

त्या टेबलापाशी परतल्या तेव्हा धाकटी वाटच बघत होती.

"दर सोमवारी हा ताप कशाला? नंबरच बदलून टाकू. तुमचा घालू."

"राहू दे गं. तुझी औषधं वाटायची आहेत."

"वाटून झाली. मला बघवत नाही तुमची धावपळ. जुन्या नंबरावर शेवटचा एक कोड जाईल, तेवढा लेकीला विचारा."

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांची तक्रार इतकी मनावर आजवर कुणी घेतली नव्हती.

लेकीला कळलं तेव्हा तीही खूश झाली. "अरे वा! सुटलीस की तू, आई!" तिने आकडे सांगितले. धाकटीचं बोट तयारच होतं. सहावा आकडा कानावर पडेपर्यंत पाच उमटले होते.

"झालं!" धाकटी ओरडली.

"झालं ना? ठेवू मग, आई?"

"ठेव. आणि वाफ..."

फोन बंद झाला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी सवयीने 'बाहेर पडा' दाबलंच. सोमवारी फाइलने ओळख विचारली, आणि त्या खुर्चीतून उठण्याआधीच हातातला फोन टिंगटिंगला. सहा आकडे. चार मिनिटांत आठवड्याचा तक्ता लागला. रविवारच्या सुट्टीच्या चौकटीत त्यांचं नाव होतं. ते त्यांनी पुसलं.

दुपारी धाकटी फोन नाचवत आली. "मोठ्या सिस्टर, चुकलंय काहीतरी. रविवारी सुट्टी मला दाखवतोय, आणि ड्युटीवर तुम्ही."

"चुकलं नाही. आईकडे जाऊन ये."

"आईकडे? अहो, पण तिकडे काही काम नाही माझं."

"नसू दे. जा."

तीन नंबरच्या खाटेवरच्या तापाच्या पोरीने त्यांना येताना पाहून आपणच हात वर केला. त्यांनी तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला, हात हलकेच खाली दाबून धरला, आणि घड्याळाकडे बघत खाटेच्या कडेवर बसून राहिल्या.