पंगतीबाहेर

भरे गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी भरणारी ती ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम बारा घरं. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी वाटून खायची बेखमीर भाकर फुलाबाईच भाजायच्या आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. तो अभिमान पोटच्या पोरानंच धुळीला मिळवला.

झालं असं, की एका रविवारी निरंजन पास्टर म्हणाले, बाप्तिस्मा न घेता मेलेले सगळे नरकात. घोटावड्याच्या कंपनीत फिटर असलेला फुलाबाईंचा रत्नदीप ताडकन उठला. "माझी आजी न्हाई जायची नरकात. मला न्हाई पटत." आजी म्हणजे फुलाबाईंची आई, तुळजाबाई; ती बाप्तिस्मा न घेताच गेलेली. फुलाबाई मजुरीला जायच्या तेव्हा पोराला तिनंच वाढवलं होतं.

पास्टर तसे वाईट नव्हते, पण पुस्तकातला नियम त्यांना समोरच्या माणसापेक्षा मोठा वाटायचा. ते म्हणाले, "पहिल्या मंडळ्यांनी काय केलं? वेगळं शिकवणाऱ्याला भाकरीपासून दूर ठेवलं, दाराबाहेर काढलं. त्याच्याबरोबर कुणी जेवायचं नाही. हा सगळ्यांसमोर चूक कबूल करेपर्यंत आपणही तेच करायचं. घरच्यांनीसुद्धा."

घरच्यांनी म्हणजे एकट्या फुलाबाईंनी. नवरा कधीच गेलेला. देवाच्या धाकानं त्या पोराचं ताट दाराबाहेरच्या ओट्यावर वाढू लागल्या आणि स्वतः आत, त्याच्याकडं पाठ करून बसू लागल्या. असला कसला देव, असं त्यांच्या मनातही आलं नाही, हेच तर दुःख. "आये, जेवलीस का?" तो बाहेरून विचारायचा. त्या आत आपल्या ताटावर झाकण ठेवायच्या. हळूहळू त्यांचं अन्नच तुटलं. पाचव्या आठवड्यात त्या चक्कर येऊन पडल्या.

पुढच्याच रविवारी रत्नदीप शेडमध्ये आला आणि मान खाली घालून म्हणाला, "माझं चुकलं. आजी नरकात हाय."

"हालेलूया!" सगळी मंडळी एकदम ओरडली. पास्टरांनी त्याला मिठी मारली, आईशेजारी बसवलं आणि दोघांच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला.

"खा की, आये," तो हळूच म्हणाला. "आता संगं जेवता येतंय."

पोरगं खोटं बोललं होतं आणि ते कुणासाठी, हे फुलाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तुकडा तोंडात घातला. त्याच्याकडं बघायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.